अंतराळाची शाळा: बीजिंगची बेरीज, डेहराडूनची वजाबाकी

बीजिंगच्या हायदियान भागातील शुएयुआन मार्गावर बेईहांग विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आहे. चीनमधील निरनिराळ्या विद्यापीठांतील विमानविद्येचे विभाग एकत्र करून १९५२ मध्ये हे विद्यापीठ उभारण्यात आले. नोव्हेंबर २०१४ मध्ये याच आवारात संयुक्त राष्ट्रांशी संलग्न अशा एका संस्थेचे उद्घाटन झाले. 'आशिया व प्रशांत क्षेत्रासाठी अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान शिक्षणाचे प्रादेशिक केंद्र' हे त्या संस्थेचे लांबलचक नाव. परदेशी विद्यार्थ्यांनी येथे यावे, इंग्रजी माध्यमातून शिकावे, चिनी सरकारच्या शिष्यवृत्तीवर राहावे आणि पदवी घेऊन मायदेशी परतावे, अशी ही योजना आहे. यात वावगे काही नाही. लक्षात घेण्याजोगी बाब इतकीच की, नेमक्या याच नावाचे, याच क्षेत्रासाठीचे आणि संयुक्त राष्ट्रांशीच संलग्न असलेले एक केंद्र त्यापूर्वी एकोणीस वर्षांपासून चालू होते, आणि ते भारतात, डेहराडूनला होते.

एकाच प्रदेशासाठी एकाच कामाची दोन केंद्रे, हा संयुक्त राष्ट्रांच्या कारभारातील नेहमीचा गोंधळ नव्हे. आमसभेने ११ डिसेंबर १९९० रोजी संमत केलेल्या ४५/७२ क्रमांकाच्या ठरावातून विकसनशील देशांत अशी प्रादेशिक केंद्रे काढण्याची कल्पना पुढे आली. त्यातील पहिले केंद्र १ नोव्हेंबर १९९५ रोजी भारतात सुरू झाले. त्यानंतर मोरोक्को, नायजेरिया, ब्राझील व मेक्सिको, जॉर्डन यांची पाळी आली. चीनने या मालिकेत शिरण्यासाठी जवळपास दोन दशके वाट पाहिली, पण त्या काळात तो हातावर हात ठेवून बसला नव्हता. १९९२ मध्येच पाकिस्तान व थायलंड यांना बरोबर घेऊन त्याने अंतराळ तंत्रज्ञानातील बहुपक्षीय सहकार्याचा एक मंच काढला होता. पुढे त्यातूनच आशिया-प्रशांत अंतराळ सहकार्य संघटना, म्हणजे 'ॲप्स्को' उभी राहिली. तिच्या करारावर २००५ मध्ये बीजिंगला सह्या झाल्या आणि २००८ मध्ये संघटनेचे कामकाज सुरू झाले. मुख्यालय अर्थातच बीजिंग. चीनसह बांगलादेश, इराण, मंगोलिया, पाकिस्तान, पेरू, थायलंड आणि तुर्कस्तान हे तिचे सदस्य. भारत तिच्यात नाही. आशियाशी पेरूचा भौगोलिक संबंध कसा लावायचा हा प्रश्न ज्यांना पडेल, त्यांनी संघटनेच्या सदस्यांच्या यादीकडे नकाशा म्हणून न पाहता परराष्ट्र धोरण म्हणून पाहावे.

बेईहांगच्या केंद्राबाबतही हेच. त्याच्या स्थापनेत पाकिस्तान, बांगलादेश व इंडोनेशिया यांच्याबरोबर ब्राझील, पेरू आणि व्हेनेझुएला हेही होते. दूरसंवेदन व भू-माहिती, उपग्रह दळणवळण, उपग्रह दिशादर्शन, लघुउपग्रहांची बांधणी आणि अंतराळ कायदा व धोरण हे तेथील अभ्यासाचे मुख्य विषय आहेत. पदव्युत्तर पदवीबरोबर पीएच.डी.चीही सोय आहे. चिनी सरकारच्या शिष्यवृत्तीचा सर्वसाधारण नियम असा की शिक्षणशुल्क माफ, राहण्याची व विम्याची व्यवस्था सरकारकडून आणि वर पदव्युत्तर विद्यार्थ्याला दरमहा ३,००० युआन व संशोधक विद्यार्थ्याला ३,५०० युआन निर्वाहभत्ता. ढाक्याच्या किंवा लिमाच्या मध्यमवर्गीय घरातील अभियंत्याला यापेक्षा अधिक काय हवे?

पण ही योजना केवळ दानधर्म समजली तर तिचे मर्म हाती लागत नाही. चीनने गेल्या दोन दशकांत अंतराळ क्षेत्रात जो व्यवहार उभा केला आहे, त्यात शाळा ही पहिली पायरी आहे. दुसरी पायरी उपग्रहाची. नायजेरियाचा दळणवळण उपग्रह चीनने २००७ मध्ये बांधून सोडला. तो पुढल्याच वर्षी निकामी झाला, तेव्हा डिसेंबर २०११ मध्ये त्याच्या जागी दुसरा दिला. व्हेनेझुएलाला २००८ मध्ये, पाकिस्तानला २०११ मध्ये, बोलिव्हियाला २०१३ मध्ये, लाओसला २०१५ मध्ये आणि अल्जीरियाला २०१७ मध्ये असेच उपग्रह मिळाले. उपग्रह, प्रक्षेपण, जमिनीवरील नियंत्रण केंद्र आणि ते चालवणाऱ्या स्थानिक अभियंत्यांचे प्रशिक्षण असा हा एकत्रित सौदा असतो, आणि अनेकदा त्यासाठीचे कर्जही चिनी बँकेचेच असते. तिसरी पायरी अधिक सूक्ष्म आहे. जुलै २०२० मध्ये चीनची बेईदौ ही दिशादर्शन प्रणाली जगभरासाठी पूर्ण झाली. बेईदौवर आधारलेली यंत्रणा आपल्या देशात आणावी की अमेरिकी जीपीएसवरच विसंबावे, हा निर्णय दहा-पंधरा वर्षांनी ज्या टेबलावर होईल, त्या टेबलामागे बेईहांगचा पदवीधर बसलेला असावा, हा खरा हिशेब आहे. चीनच्या २०१६ च्या अंतराळविषयक श्वेतपत्रिकेत 'बेल्ट अँड रोड'ला जोडून अंतराळ माहिती कॉरिडॉरचा उल्लेख आला, तेव्हा या हिशेबावर अधिकृत शिक्काच बसला.

पाकिस्तानचे उदाहरण या शिडीवर अगदी वरपर्यंत नेणारे आहे. इस्लामाबादेत २००२ मध्ये अंतराळ तंत्रज्ञानाची एक शिक्षणसंस्था निघाली. तिने शांघायच्या जिआओ तोंग विद्यापीठाच्या सहकार्याने एक चिमुकला उपग्रह बनवला. 'ॲप्स्को'च्या सदस्य देशांना चीनने देऊ केलेल्या संधीतून त्याची निवड झाली आणि मे २०२४ मध्ये चांग-अ-६ या मोहिमेबरोबर तो चंद्राच्या कक्षेत गेला. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये पाकिस्तान चीन-रशियाच्या आंतरराष्ट्रीय चांद्र संशोधन केंद्राच्या योजनेत सामील झाला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाकिस्तानी अंतराळवीरांना चीनमध्ये प्रशिक्षण देण्याचा आणि त्यांपैकी एकाला तिआनगाँग या चिनी अंतराळस्थानकावर नेण्याचा करार झाला. ज्या देशाला स्वतःचा उपग्रह स्वतःच्या अग्निबाणाने कक्षेत सोडता आलेला नाही, त्याला मित्राच्या शाळेतून थेट मित्राच्या स्थानकापर्यंतचा मार्ग खुला झाला. यावर दिल्लीत उपहासाचे स्मित करणारे पुष्कळ आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीक यान अलगद उतरवणाऱ्या देशाला तसे स्मित शोभतेही. परंतु ढाका, कोलंबो आणि काठमांडू येथील तरुण अभियंत्याला या दोन चित्रांपैकी कोणते आपल्या आवाक्यातले वाटते, याचाही विचार व्हायला हवा. चांद्रयान पाहून त्याला भारताविषयी आदर वाटेल, पण अर्ज तो बीजिंगला करील.

आता डेहराडूनकडे वळू. तेथील केंद्र भारतीय दूरसंवेदन संस्थेच्या आश्रयाने चालते. ही संस्था मुळात १९६६ मध्ये नेदरलँड्सच्या सहकार्याने हवाई छायाचित्रांच्या अर्थबोधनाचे शिक्षण देण्यासाठी निघाली, हे आज फार थोड्यांच्या स्मरणात असेल. खुद्द भारतीय अंतराळ कार्यक्रमाचा श्रीगणेशाही परदेशी वर्गातच झाला. १९६३ मध्ये ए. पी. जे. अब्दुल कलाम व आर. अरवमुदन यांच्यासारखे तरुण अभियंते अमेरिकेत 'नासा'च्या गोडार्ड व वॉलॉप्स येथील केंद्रांत शिकायला गेले आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला. शिकवणाऱ्या देशाचे शिकणाऱ्या देशावर काय ऋण राहते, ते भारताला अनुभवाने ठाऊक आहे. १९९५ मध्ये डेहराडूनचे केंद्र स्वीकारताना त्या ऋणाची जाणीव असावी.

या केंद्राचे काम वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. दूरसंवेदनाचे वर्ग डेहराडूनला, उपग्रह दळणवळण व उपग्रह हवामानशास्त्र यांचे वर्ग अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये, तर अवकाश व वातावरण विज्ञानाचे तेथीलच भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत, अशी विभागणी आहे. ज्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचे संचालकपद एकेकाळी कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांनी भूषवले, त्याच्या आवारात आज मंगोलियाचा किंवा उझबेकिस्तानचा अधिकारी धडे गिरवतो. नऊ महिन्यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करायचा आणि पुढे वर्षभर मायदेशी राहून प्रकल्प करायचा. तो झाला की विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठाची एम.टेक. मिळू शकते. चिटणीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यापाड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा जो प्रयोग केला, त्याची परंपरा या शिक्षणात उतरलेली आहे. पीक, पूर, जंगल, पाऊस यांचा अभ्यास करणाऱ्या छोट्या देशांना उपयोगी पडेल असेच येथे शिकवले जाते. बीजिंगच्या तुलनेत हा अभ्यासक्रम अधिक सालस आहे आणि खर्चाच्या मानाने अधिक सरस.

मग उणे कोठे पडते? नऊ महिन्यांनंतर. डेहराडूनहून परतणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती प्रमाणपत्र असते आणि भारताविषयी आपुलकी असते. पुढे त्याच्या देशाने भारताकडून काही घ्यावे, भारताने काही द्यावे, त्याच्याशी संपर्क राहावा, याची जबाबदारी कोणाच्याच टेबलावर नाही. केंद्राचे नियामक मंडळ अंतराळ विभागाच्या कक्षेत. परदेशी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारा भारतीय तांत्रिक व आर्थिक सहकार्य कार्यक्रम, म्हणजे 'आयटेक', परराष्ट्र मंत्रालयाचा. तो तर १९६४ पासूनचा आहे. शेजारी देशांना सवलतीचे कर्ज देण्याची यंत्रणा आणखी तिसरीकडे. या तीन फायली एकमेकींना भेटत नाहीत. राजधानीत सचिवालयाचे जिने झिजवलेल्या मराठी अधिकाऱ्यांना याचे आश्चर्य वाटू नये. चीनमध्ये विद्यापीठ, अंतराळ उद्योग, बँक आणि दूतावास यांच्या डोक्यावर एकच पक्ष बसलेला असतो. भारतात तसे नाही आणि तसे होऊही नये. पण लोकशाही असणे आणि विस्कळीत असणे यांत फरक आहे, हे मान्य करायला हरकत नसावी.

भारताला ही साखळी जोडताच येत नाही असेही नाही. ५ मे २०१७ रोजी दक्षिण आशिया उपग्रह सोडला गेला, तो शेजाऱ्यांना भेट म्हणून. पाकिस्तानने त्यातून अंग काढून घेतले, बाकीच्यांनी स्वीकारला. या उपग्रहासाठीचे भू-केंद्र २०१९ मध्ये थिंपूला उभे राहिले. त्यानंतर भूतानच्या अभियंत्यांना बेंगळुरूला प्रशिक्षण देण्यात आले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये भारत-भूतानचा संयुक्त लघुउपग्रह ध्रुवीय प्रक्षेपक यानावरून कक्षेत गेला. भू-केंद्र, प्रशिक्षण, उपग्रह, प्रक्षेपण हे सारे तेथे जुळून आले. इस्रोने जून २०१८ मध्ये व्हिएन्नात 'उन्नती' नावाचा लघुउपग्रह बांधणीचा अभ्यासक्रम जाहीर केला आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याची पहिली तुकडी बेंगळुरूला आली. म्हणजे कौशल्य आहे, इच्छाही अधूनमधून दिसते. भूतानसाठी जे घडले ते नेपाळ, श्रीलंका किंवा मालदीवसाठी नियम म्हणून का घडू नये, याचे उत्तर मात्र कोणत्याच वार्षिक अहवालात सापडत नाही. श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदरात ऑगस्ट २०२२ मध्ये 'युआन वांग ५' हे चीनचे उपग्रह व अग्निबाणांचा माग काढणारे जहाज लागले, तेव्हा दिल्लीने तीव्र नापसंती कळवली. पण ज्या देशाच्या अभियंत्याला आपण फक्त प्रमाणपत्र देतो, त्याच्या बंदरात कोणते जहाज यावे याविषयी आपला शब्द किती चालणार?

येथे एका कटू प्रकरणाचा उल्लेख करणे भाग आहे. डेहराडून केंद्राच्या सदस्यांत उत्तर कोरिया होता आणि त्याचे प्रशिक्षणार्थी येथे येत असत. २०१६ मध्ये सुरक्षा परिषदेच्या तज्ज्ञ मंडळाने या प्रशिक्षणाकडे बोट दाखवले. त्याच वर्षीच्या मार्चमधील २२७० क्रमांकाच्या ठरावाने उत्तर कोरियन नागरिकांना अशा विषयांचे विशेष शिक्षण देण्यावर निर्बंध आणले आणि नोव्हेंबरच्या ठरावाने ते आणखी आवळले. हवामान आणि पिके यांचा अभ्यास कोठे संपतो आणि क्षेपणास्त्राचा अभ्यास कोठे सुरू होतो, ही रेषा अंतराळ विज्ञानात फार पुसट असते. भारताने निरागसपणे शिकवले, असे म्हणता येईल. पण हा निरागसपणा परराष्ट्र मंत्रालयाच्या वेळीच ध्यानात यायला हवा होता. केंद्रावर येणाऱ्या प्रत्येक नावाकडे परराष्ट्र धोरणाच्या नजरेने पाहणारा एखादा अधिकारी असता, तर ती नामुष्की टळली असती आणि भूतानसारखी उदाहरणेही वाढली असती. दोन्ही कामे एकाच माणसाची आहेत.

हे सारे इतर देशांच्या विद्यार्थ्यांबद्दल झाले. भारतीय विद्यार्थ्याने बेईहांगला जावे काय, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. तो काल्पनिकही नाही. कोविडपूर्व काळात चीनमध्ये सुमारे २३ हजार भारतीय शिकत होते. त्यांत बहुसंख्य वैद्यकीय विद्यार्थी होते आणि महाराष्ट्रातील मुलामुलींचा त्यांत समावेश होता. मार्च २०२० मध्ये चीनने दारे बंद केली, जूनमध्ये गलवान घडले आणि ऑगस्ट २०२२ पर्यंत विद्यार्थी-व्हिसा मिळणे थांबले. अडीच वर्षे घरी बसून मोबाइलच्या पडद्यावर शरीररचनाशास्त्र शिकलेल्या मुलांच्या पालकांना त्या दिवसांची आठवण करून देण्याची गरज नाही. २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार परदेशांत शिकणाऱ्या सुमारे १३ लाख ३५ हजार भारतीय विद्यार्थ्यांपैकी चीनमध्ये होते अवघे साडेआठ हजारांच्या आसपास. २०२५ मध्ये कैलास-मानसरोवर यात्रा पुन्हा सुरू झाली, पंतप्रधान ऑगस्टअखेर तिआनजिनला जाऊन आले आणि ऑक्टोबरमध्ये थेट विमानसेवा सुरू झाली. दार किलकिले झाले आहे, तेव्हा शिष्यवृत्तीच्या जाहिरातीही पुन्हा नजरेस पडणार.

वैद्यकीय पदवी आणि बेईहांगची पदवी यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. चीनच्या संरक्षण उद्योगाशी निकटचे नाते असलेल्या सात विद्यापीठांत बेईहांगची गणना होते. अमेरिकेने २००१ मध्येच त्याला निर्यात-निर्बंधांच्या यादीत टाकले. मे २०२० मध्ये तर चीनच्या लष्करी-नागरी एकीकरणाशी संबंध असलेल्या संस्थांतील चिनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अमेरिकेची दारे बंद करणारा अध्यक्षीय आदेश निघाला. तो आदेश चिनी नागरिकांपुरता असला, तरी तेथून पदवी घेतलेल्या भारतीय तरुणाकडे पाश्चात्त्य प्रयोगशाळा संशयाने पाहणार नाहीत याची हमी कोण देणार? मायदेशी परतून इस्रो किंवा संरक्षण संशोधनात शिरायचे म्हटले, तर समकक्षतेच्या प्रमाणपत्रापासून चारित्र्य व पूर्ववृत्त पडताळणीपर्यंत त्याला कोणकोणत्या खिडक्यांपुढे उभे राहावे लागेल, याची कल्पना सरकारी सेवेतील वाचकांना असेल. इस्रोच्या संस्था स्वतः १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अशाच अमेरिकी यादीत होत्या आणि २०११ मध्ये त्यातून सुटल्या, हा इतिहासाचा विनोद म्हणायचा. पण यादीतून सुटलेला माणूस दुसऱ्याच्या यादीत पाय घालायला सहसा तयार होत नाही.

म्हणून उपग्रहबांधणी शिकण्यासाठी भारतीय अभियंत्याने बीजिंगला जाण्यात अर्थ नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्याची गरजही नाही. २००७ पासून तिरुवनंतपुरमला अंतराळ विज्ञानाची स्वतंत्र संस्था आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला सुमारे एक किलो वजनाचा 'स्वयम्' जून २०१६ मध्ये कक्षेत गेला आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी मुंबईच्या आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' गेला. ज्यांना हात काळे करायचे आहेत त्यांना देशात संधी आहे, आणि २०२० नंतर खासगी उद्योगाला हे क्षेत्र खुले झाल्यापासून ती वाढली आहे.

एवढे म्हटल्यावर फाइल बंद करण्याचा मोह होतो. दिल्लीने बहुधा तेच केले आहे, आणि येथेच गफलत आहे. चीनकडून शिकणे आणि चीनला शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली टाळता येईल. दुसरी टाळणे परवडणारे नाही. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, भारत सरकारने काही विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देऊन पेकिंग विद्यापीठात पाठवले. त्यांत वसंत परांजपे हे मराठी तरुण होते. चीनमध्ये तेव्हा यादवी पेटलेली होती, राजवट बदलली तरी परांजपे यांनी भाषेचा अभ्यास सोडला नाही. पुढे ते परराष्ट्र सेवेत गेले आणि १९५४ मध्ये नेहरू व माओ समोरासमोर बसले तेव्हा दुभाषा म्हणून तेच मध्ये होते. महाराष्ट्रात चीनचे नाव निघाले की सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण निघते आणि ते योग्यच आहे. पण राज्यकारभाराच्या दृष्टीने परांजपे यांचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे, कारण ते सरकारने समजून-उमजून केलेल्या गुंतवणुकीचे फळ होते.

आज चीनच्या अंतराळ कार्यक्रमाविषयी मूळ चिनी भाषेतून वाचू शकणारे, त्याचे कायदे, कंत्राटे आणि विद्यापीठे यांचा अर्थ लावू शकणारे भारतीय किती आहेत? चंद्राच्या पाठीमागच्या बाजूवर २०१९ मध्ये यान उतरवणारा, जून २०२४ मध्ये तेथून १,९३५ ग्रॅम माती आणणारा आणि २०२२ च्या अखेरीस स्वतःचे स्थानक पूर्ण करणारा शेजारी आपल्याला इंग्रजी अनुवादांतून आणि अमेरिकी अहवालांतून कळतो. ऑगस्ट २०२० मध्ये चिनी संस्थांशी झालेल्या शैक्षणिक करारांची फेरतपासणी सुरू झाली. त्यात मुंबई विद्यापीठातील कन्फ्यूशियस संस्थेसारख्या चिनी भाषेच्या केंद्रांवरही नजर गेली. सुरक्षेच्या कारणाने ती तपासणी समर्थनीय मानली, तरी त्या जागी आपल्या खर्चाने, आपल्या अटींवर चिनी भाषेचे शिक्षण वाढवण्याचा निर्णय झाला असता तर अधिक बरे झाले असते. बेईहांगमध्ये अंतराळ कायदा व धोरण हाही विषय शिकवला जातो. कायद्याचे किंवा राज्यशास्त्राचे पाच-सहा पदवीधर सरकारने निवडून, पडताळून, सेवेची हमी देऊन तेथे पाठवले तर कोणते गुपित फुटणार आहे? त्यांच्या वर्गात पाकिस्तानचा, इथिओपियाचा, पेरूचा भावी अधिकारी असेल. त्या बाकावर भारतीय नसणे हा आपलाच तोटा आहे.

सहकार्य शक्यच नाही, या समजुतीलाही फारसा आधार नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये शी जिनपिंग दिल्लीत आले असताना अंतराळाच्या शांततामय उपयोगाविषयी दोन्ही देशांत करार झाला होता आणि २०१५ मध्ये त्याचा पाच वर्षांचा आराखडाही ठरला होता. तो कागदावर राहिला. पण ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे गलवाननंतर, भारताच्याच अध्यक्षतेखाली ब्रिक्स देशांनी आपापल्या दूरसंवेदन उपग्रहांची माहिती वाटून घेण्याचा करार केला. त्यात चीनचे उपग्रह आहेत आणि भारताचे 'रिसोर्ससॅट'ही आहेत. भारताने जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या आर्टेमिस करारावर सही केली आणि जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अमेरिकी खासगी मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर गेले, तरी ब्रिक्सचा करार मोडलेला नाही. दोन्ही घरांशी व्यवहार ठेवण्याची कला भारताला अवगत आहे, ती शिक्षणाच्या दारातच का विसरली जाते हे कोडे आहे.

अंतराळ विभाग थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत असल्याने संसदेत त्यावर चर्चा बेताचीच होते. अंतराळ उपक्रमांविषयीचे विधेयक नोव्हेंबर २०१७ मध्ये मसुद्याच्या रूपाने लोकांपुढे आले होते, तो मसुदा बाजूला पडला आणि २०२३ मध्ये धोरण जाहीर करून काम भागवण्यात आले. त्या धोरणात उद्योगाला काय करता येईल याचा बराच ऊहापोह आहे, परदेशी विद्यार्थ्यांचे काय करायचे याचा नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अंतराळ विभागासाठी १३,४१६ कोटी रुपयांची तरतूद होती. डेहराडून केंद्राला पूर्ण दोन वर्षांची निवासी पदवी, बेईहांगच्या तोडीची शिष्यवृत्ती आणि दरवर्षी एका शेजारी देशाच्या लघुउपग्रहासाठी ध्रुवीय प्रक्षेपक यानावर राखीव जागा द्यायची ठरवली, तर त्यासाठी लागणारी रक्कम या आकड्याच्या शेपटात बसेल. विभागाच्या अनुदान मागण्यांची छाननी विज्ञान व तंत्रज्ञानविषयक संसदीय स्थायी समितीपुढे होते. गेल्या तीस वर्षांत डेहराडूनहून शिकून गेलेले परदेशी अधिकारी आज आपापल्या देशांत कोणत्या पदांवर आहेत आणि त्यांच्यापैकी कितीजणांशी भारतीय दूतावासांचा संपर्क आहे, ही यादी समितीने येत्या छाननीत विभागाकडून मागवून घ्यावी. परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रतिनिधीलाही त्याच बैठकीला बोलवावे, म्हणजे निदान त्या दिवशी तरी दोन फायली एका टेबलावर येतील.